विलोबेंडचा बर्फवाला

बेन्सियन झिराडकर हा माणूस जन्मालाच आला तो पायाला भिंगरी बांधून. त्याची आई सांगायची, पोर रांगायला लागलं ते थेट उंबऱ्याबाहेर; घरात रांगताना त्याला कुणी पाहिलंच नाही. आणि आडनाव बघा, झिराडकर! अलिबागेजवळच्या झिराड गावचे, म्हणून झिराडकर. बेने इस्रायल लोकांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू मंडळींची, आडनावं अशीच. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि गाव त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. गाव चिकटलं, पण बेन्सियन गावाला चिकटला नाही. चौदाव्या वर्षी सातवी पास होऊन तो झिराडहून निघाला, आणि पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत त्याने अकरा ठिकाणी संसार मांडला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणतात. बेन्सियनचं बिऱ्हाड त्याच्या बायकोच्या पाठीवर होतं.

बायको जेमिमा. मुंबईत लग्न झालं तेव्हा तो ससून डॉकच्या बर्फखान्यात मिस्त्री होता. मासळीला लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या, त्या थंड करणारी अमोनियाची अगडबंब यंत्रं, त्यांचा तो नाकात झोंबणारा वास, हे सगळं त्याला प्राणाहून प्यारं. पण यंत्र सुरळीत चालायला लागलं की त्याचा जीव उडायचा. नादुरुस्त यंत्र म्हणजे त्याला सण, आणि दुरुस्त यंत्र म्हणजे तुरुंग! मग कुठून तरी कळायचं, अमुक गावी मोठं शीतगृह बसवतायत, की स्वारी एका पायावर तयार. जेमिमाने मुंबईपासून सातासमुद्रापलीकडच्या मार्कहॅमपर्यंत नऊ वेळा खोकी बांधली. मार्कहॅमला लेक गीला कॉम्प्युटरच्या नोकरीला होती. तिथं दोन वर्षं झाली न झाली तोच हा म्हणाला, "जेमिमा, विनिपेगला एक काम निघालंय."

जेमिमा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की."

"म्हणजे? आणि तू?"

"मी आता खोकी बांधणार नाही. पाठ दुखते. तुम्ही जिथं 'मी इथं राहणार' असं स्वतःच्या तोंडाने म्हणाल, तिथं मी दुसऱ्या दिवशी येईन. पण ते माझ्यापुढे म्हणू नका. माझ्यापुढे तुम्ही नऊ वेळा म्हणालात. दुसऱ्या कुणापुढे म्हणा."

बेन्सियनला वाटलं, रागाने बोलते आहे, महिनाभरात येईल. पण महिना गेला, वर्ष गेलं. दर शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावायच्या आधी (तो लागला की शनिवार मावळेपर्यंत सगळं काम बंद) तिचा फोन यायचा, जेवलात का, स्वेटर घातलं का, सगळं विचारून व्हायचं, पण यायचं नाव काढत नव्हती. आणि ह्याला एकट्याला रात्री झोप लागेना. छत्तीस वर्षांची सवय! पण 'राहणार' हा शब्द काही जिभेवर येईना. जीभ उचलली की कॉलर धरून मागे ओढल्यासारखं व्हायचं.

तर अशा अवस्थेत २००७च्या सप्टेंबरात विनिपेगच्या मालकाने त्याला विलोबेंडला धाडलं. तीन दिवसांचं काम होतं.

आता विलोबेंड म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण नकाशात शोधायला गेलात तर भिंग लागेल. विनिपेगच्याच मॅनिटोबा प्रांतातला तो मुलूख परातीसारखा सपाट. शेजारच्या गावातला माणूस सायकलवरून निघाला तर अर्धा तास आधी दिसतो, आणि तोवर चहा ठेवता येतो. एक छोटी नदी आहे, ती गावाजवळ कोपर दुमडावं तशी वळते. त्या वळणावर क्रिकेटच्या बॅटी होतात त्या जातीची झाडं, म्हणून विलोबेंड. एक मोठा रस्ता, त्यावर बँक, पोस्ट, किराणा, चिनी माणसाचं हॉटेल आणि तीन चर्च. गावाच्या वेशीवर पाटी: 'लोकसंख्या ८००'. ही पाटी साफ खोटी. २००६च्या जनगणनेत माणसं भरली सहाशे बारा. पण पाटी रंगवायची म्हणजे कुणीतरी मान्य करायचं, म्हणून कुणी रंगवत नव्हतं.

आणि त्या सहाशे बारा माणसांचा जीव की प्राण होतं गावचं कर्लिंग. कर्लिंग म्हणजे गुळगुळीत बर्फावरून आपल्या पाट्याएवढा जड दगड सरकवत सोडायचा, आणि पुढे दोघांनी झाडू घेऊन त्याची वाट झाडत पळायचं. बेन्सियनने फोनवर हे जेमिमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घरी कधी हातात केरसुणी धरली नाहीत ती तिथं तरी धरा." हिवाळ्यात बाहेर उणे पस्तीस, जिकडेतिकडे बर्फच बर्फ, आणि ह्यांना खेळाच्या बंदिस्त मंडपाच्या आत वेगळा बर्फ करायला यंत्र लागतं आणि माणूस लागतो, ह्याचं बेन्सियनला भारी हसू आलं. पण यंत्र पाहिलं आणि हसू गेलं. १९६२ सालचं अमोनियाचं यंत्र, ससून डॉकला होतं त्याचं सख्खं भावंड. आणि नादुरुस्त! त्याने अस्तन्या वर सारल्या.

तीन दिवसांचे सात झाले. यंत्र धडधडायला लागलं. तेवढ्यात गावचा जुना बर्फवाला गुडघे धरून बसला, आणि मंडळी म्हणाली, पहिला बर्फ बसेपर्यंत थांब. बर्फ बसला तेव्हा म्हणाली, मार्चपर्यंत थांब. बेन्सियन थांबला. कारण तुम्हाला म्हणून सांगतो, हा बर्फ एकदा केला की संपला असं नसतं. प्रत्येक सामन्याआधी पाठीवर पाण्याचं पिंप घेऊन, उलट्या पावली चालत, बर्फावर बारीक थेंब शिंपडावे लागतात. ते गोठून बर्फाला काटा येतो, आणि मगच दगड वळतो. बेन्सियन ह्याला 'सडा' म्हणायचा. झिराडला त्याची आई अंगणात सडा घालायची तो सगळा हात ह्याच्या मनगटात उतरला होता. रोज नवा सडा, रोज यंत्राची नवी कुरबुर. त्यामुळे जीव उडायला त्याला फुरसत मिळेना. तरी खिशात मोटारीची किल्ली चाळवत तो उभा असायचा, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "मार्चपर्यंत फक्त."

मार्च आला, गेला. उन्हाळा गावभरचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेला, आणि दुसरा हिवाळा उभा राहिला.

ह्या फ्रिज-दुरुस्तीतच मिसेस कोवालची ओळख झाली. डोरिन कोवाल, वय अठ्ठ्याहत्तर, नवरा वारलेला, पोरं व्हँकूवरकडे. ही बाई तीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती, त्या काळी, जेव्हा हाताने दोरी जोडून फोन लावायचे. त्यामुळे गावात कोण कुणाशी भांडलं, कुणाचं लग्न का मोडलं, हे बाईला तोंडपाठ. तिचा फ्रिज दुरुस्त करून बेन्सियन निघाला आणि दारात नेहमीसारखा म्हणाला, "ओके मिसेस कोवाल, आय कम."

आपण कुणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणतो का? जीभ झडेल! 'येतो' म्हणायचं. बेन्सियनने मराठीतलं 'येतो' उचललं आणि इंग्रजीत ठेवलं, बस्स. बाई समजली, हा गाडीतून काहीतरी आणायला गेला. तिने किटली चढवली, टेबलावर दोन कप मांडले, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानात तिने त्याला गाठलं.

"काल मी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली!"

बेन्सियनला वाटलं, चहा न घेता निघालो म्हणून बाई रागावली. तो तसाच तिच्याबरोबर घरी गेला आणि दोन कप चहा प्याला. झालं! बाईच्या मनाने घेतलं, हा माणूस येतो म्हणतो आणि येतो. फक्त वेळेचा पक्का नाही. पुढे प्रत्येक वेळी तसंच घडलं. तो 'आय कम' म्हणून जायचा, आणि दोन दिवसांनी, चार दिवसांनी, काही ना काही कारणाने यायचाच. सहाशे माणसांच्या गावात न येऊन जातो कुठे!

२००९ साली विलोबेंडला सव्वाशे वर्षं पुरी होत होती. तिकडच्या गावांत अशा वेळी एक जाडजूड पुस्तक काढायची रीत आहे. गावाचा इतिहास, नकाशे, जुने फोटो, आणि प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आपलं एक पान. समितीच्या अध्यक्ष अर्थात मिसेस कोवाल. तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी डकवली होती. कुणी जन्मलं की पेन्सिलीने नाव वर, कुणी गेलं की रेघ.

"सरकारचे सहाशे बारा," ती म्हणाली, "माझे पाचशे अठ्ठ्याण्णव. सरकार चुकतं. आणि तुझं पान कुठे आहे?"

"माझं कसलं पान? मी पाहुणा."

"पाहुणा लोकांचे फ्रिज दुरुस्त करत नसतो. हे बघ, पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात इथून गेलेले, दुसऱ्यात इथं असलेले. पहिल्या भागात तीनशे घरं झाली आहेत, दुसऱ्यात दोनशे बत्तीस. तुला कुठे घालू?"

"पहिल्यात घाला. मी मार्चमध्ये जाणारच आहे."

"माझ्या खुर्चीत बसून, माझा केक खाऊन तू मला सांगतोस की तू गेलेला आहेस?"

मग तिने त्याला गावाची गोष्ट सांगितली. ती ऐकताना बेन्सियनचा हात केकवरून उचलला गेला तो तसाच राहिला. गोष्ट अशी, की विलोबेंड मुळात नदीच्या पलीकडच्या काठाला होतं. चाळीस-पन्नास घरं, चर्च, लोहाराचा भाता, सगळं बसलेलं. आणि १८८४ साली आगगाडीचे रूळ आले ते नेमके अलीकडच्या काठाने! रूळ काही वाकेनात. तेव्हा त्या लोकांनी काय करावं? नदी गोठायची वाट पाहिली. मग घरांच्या खाली लाकडाचे ओंडके घातले, घसरगाडीसारखे, आणि पुढे सोळा-सोळा बैल जुंपले. अख्खं गाव एका हिवाळ्यात बर्फावरून ओढून अलीकडे आणलं. एका म्हातारीने तर घरातून बाहेर यायलाच नकार दिला. तिचं घर नदी ओलांडत होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता.

"आत रांधत होती?" बेन्सियनने विचारलं.

"रांधत होती. माझ्या नवऱ्याची पणजी. एक बशीसुद्धा फुटली नाही, असं ती सांगायची."

बेन्सियन खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेला, नदीकडे बघत राहिला. सोळा बैल! त्याला वाटलं, जेमिमाला हे सांगायला पाहिजे. मग वाटलं, नको. ती म्हणेल, त्या म्हातारीला खोकी तरी बांधावी लागली नाहीत.

"आणि रूळ?" त्याने विचारलं. "इथं तर रूळ दिसत नाहीत."

"एकोणऐंशी साली उखडून नेले. ज्याच्यासाठी आलो ते गेलं, आम्ही राहिलो. तुझं पान लिही."

पण त्याने लिहिलं नाही. तो लिहायला बसायचा, 'मी झिराडचा' एवढं लिहायचा, आणि कागदाची घडी करून गाडीच्या खणात टाकायचा. हिवाळा सरत आला तसा त्याला उभ्याने जेवायची सवय लागली. मंडपात वेळेआधी जायचा, वेळ झाली तरी निघायचा नाही, आणि खोलीवर आला की गाडी काढून उगाच हायवेपर्यंत जाऊन त्या खोट्या पाटीला वळसा घालून परत यायचा.

त्यातच कॅल्गरीहून नंदनचा फोन. नंदन हा नागपूरचा इंजिनियर, विनिपेगला असताना ओळख झालेली.

"काका, इकडे या. तेलकंपनीचा टॉवर आहे, चाळीस मजले, पूर्ण कूलिंग प्लांट नव्याने उभा करायचाय. तुम्ही फक्त अप्लाय करा, जॉब तुमचाच आहे. माझं बेसमेंट रिकामं आहे."

"प्लांट नादुरुस्त आहे का?"

"एकदम भंगार, काका! कोणालाच समजत नाहीये."

झालं. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, मंडपाची फरशी उघडी पडली, आणि बेन्सियनने हत्यारांची पेटी गाडीत टाकली. जाता जाता मिसेस कोवालच्या दारात थांबला. बाई बाहेर आली. तिने गाडीतली पेटी पाहिली, गादीची वळकटी पाहिली. बेन्सियनला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे. वर्षभर चहा पाजला हिने. तोंडातून आपोआप जे निघायचं तेच निघालं.

"ओके मिसेस कोवाल. आय कम."

बाईचा चेहरा उजळला. "बरं," ती म्हणाली. "वीस जुलैच्या आत ये. मग पुस्तक छापायला जातं."

बेन्सियन मान हलवून निघाला. बाराशे किलोमीटर गाडी हाणत असताना, ती वीस जुलै का म्हणाली, हे त्याला काही कळलं नाही.

कॅल्गरीत त्याचे दोन महिने बरे गेले. टॉवरच्या तळघरात खरोखरच भंगार होतं, आणि तो त्यात डोक्यापासून पायापर्यंत बुडाला. सकाळी सी-ट्रेनने, म्हणजे तिथल्या लोकलने, जायचं, संध्याकाळी सी-ट्रेनने यायचं. पण जूनअखेर सगळं सुरळीत झालं. यंत्र मांजरासारखं गुरगुरायला लागलं, आणि बेन्सियनला पुन्हा तो तुरुंगाचा वास आला. फक्त ह्या वेळी एक नवीच भानगड झाली. एरवी जीव उडाला की मन पुढच्या गावाकडे धावायचं. ह्या वेळी ते मागे धावत होतं. टॉवरच्या तळघरात बसून तो विचार करायचा, विलोबेंडच्या यंत्राचा तो डावीकडचा वॉल्व उन्हाळ्यात गंजला तर? नव्या माणसाला सडा घालता येईल का? उलट्या पावली चालताना तो पडेल. ह्या विचारांचा त्याला इतका राग यायचा, की तो नंदनच्या बेसमेंटमध्ये येरझारा घालायचा, आणि वरून नंदन विचारायचा, "काका, काही हवंय का?"

"काही नको रे बाबा!"

जुलै अर्धा सरला. गुरुवारची दुपार होती. जेमिमाचा फोन आला, आणि बेन्सियन दचकला, कारण तिचा वार शुक्रवार.

"अहो, कुठे आहात?"

"कामावर. का? गीला बरी आहे ना?"

"गीला बरी आहे. मी तिथं नाही. मी विलोबेंडला आहे."

बेन्सियन पाइपावर बसला. पाइप गरम होता, तरी बसला.

"कुठे?"

"विलोबेंडला हो! तुमच्या कोवालबाईंच्या स्वयंपाकघरात. काल विमानाने विनिपेगला आले, तिथून बसने. बाई स्वतः गाडी घेऊन स्टँडवर आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आणि काय गाडी हाणतात! आठ दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला मार्कहॅमला. नंबर कुठून काढला देव जाणे."

"ती एक्स्चेंजवर होती," बेन्सियन कसाबसा म्हणाला.

"त्या म्हणाल्या, तुमचा नवरा येतो म्हणून सांगून गेलाय, कोणत्या दिवशी येणार? पान राहिलंय. मी म्हटलं, काय म्हणाला नेमकं? त्या म्हणाल्या, 'आय कम.' दारात उभं राहून."

"अगं, ते आपलं... तू समजतेस ना? आपण निघताना म्हणतो तसं. मराठी 'येतो'. त्याला काय अर्थ असतो!"

"मला ठाऊक आहे काय अर्थ असतो ते. मी हसले, पंधरा मिनिटं हसले. गीला म्हणाली, 'मम्मी, आर यू ओके?' मग माझ्या मनात आलं, मी काय म्हटलं होतं? दुसऱ्या कुणापुढे बोला म्हटलं होतं. तुम्ही बोललात. बाईंनी ऐकलं. आता तुमच्या मनात काय होतं ते तुम्हीच बघा. मी माझा शब्द पाळला आणि आले."

"जेमिमा, मी तसं बोललो नाही!"

"मग येऊन तसं त्यांना सांगा. तोंडावर सांगा. त्यांनी तुमच्यासाठी पान मोकळं ठेवलंय, शनिवारी सकाळी छापायला जातंय. आणि उद्या शुक्रवार आहे. दिवा लावला की मी पेन हातात धरणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आत या. नाही आलात तर बाई तुम्हाला पहिल्या भागात टाकणार, आणि मी रविवारी मार्कहॅमला परत. तिसरं काही नाही."

तिने फोन ठेवला. बेन्सियन तिथंच बसला. यंत्र गुरगुरत होतं. त्याने आयुष्यात कितीदा तरी गाव बदललं होतं, पण यंत्रासाठी नव्हे, फक्त त्याच्यासाठी कुणी बोलावलं म्हणून तो कधी गेला नव्हता. नेहमी आपणहून गेला होता. बोलावणं आल्यावर काय करतात, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शुक्रवारी पहाटे पाचला तो निघाला. नंदनला म्हणाला, "सोमवारी येतो," आणि स्वतःच चपापला.

रस्ता सरळ. इतका सरळ, की स्टिअरिंग धरायचं ते केवळ लाजेकाजेस्तव. मेडिसिन हॅट गेलं, स्विफ्ट करंट आलं. तिथं पेट्रोल भरताना काचेवर एक कागद डकवलेला दिसला: उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवर एका मांसाच्या कारखान्याला शीतयंत्राचा मिस्त्री हवा, यंत्र बंद पडलेलं, ताबडतोब. खाली फोन नंबराच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या. बेन्सियन उभा राहिला. ताबडतोब! काय शब्द आहे! मागचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमची टाकी कधीच भरली." बेन्सियनने एक पट्टी फाडली, वाचली, चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. दहा मैल गेल्यावर लक्षात आलं, नंबर पाठ झालाय. मग तो रेजायनापर्यंत मोठमोठ्याने सतराचा पाढा म्हणत राहिला, नंबर डोक्यातून जावा म्हणून.

मॅनिटोबाच्या हद्दीत घड्याळ एक तास पुढे जातं. हे तो विसरलाच होता. पेट्रोलपंपावरच्या पोरीने वेळ सांगितली आणि त्याने उरलेले पैसे न घेताच गाडी काढली. पुढचे दोनशे किलोमीटर त्याने कसे काटले ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण तिकडचा जुलैचा सूर्य मोठा सोशिक. साडेनऊपर्यंत मावळत नाही. आठला दहा मिनिटं असताना तो मिसेस कोवालच्या दारात उभा राहिला.

आतून खोबऱ्याच्या दुधातल्या मटणाचा वास येत होता. टेबलापाशी जेमिमा, समोर कागद, नाकावर चष्मा. मिसेस कोवाल शेजारी.

"आलास!" बाई म्हणाली. "मी हिला सांगत होते, वेळेचा पक्का नाही, पण येतो."

बेन्सियन उभाच. बाराशे किलोमीटर त्याने एकच वाक्य घोकलं होतं: मिसेस कोवाल, तुमची समजूत चुकीची झाली. ते त्याने उघडलेल्या तोंडाशी आणलं. जेमिमाने चष्म्यावरून पाहिलं.

"बोला," ती मराठीत म्हणाली. "बाई ऐकतायत."

तो म्हणाला, "पाणी दे आधी."

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता सांगा, काय लिहू? दोनशे शब्दांच्या वर नको."

बेन्सियन सांगायला लागला. झिराड, सातवी, घाणा. मग मुंबई. मग इस्रायलमधल्या अश्दोदचं मासळीचं शीतगृह, मग हैफा. मॉन्ट्रियल, हॅमिल्टन, विंडसर, सडबरी, टिमिन्स, थंडर बे. प्रत्येक ठिकाणचं यंत्र, ते कशाने बिघडलं होतं, ते ह्याने कसं धरलं. जेमिमा लिहीत होती. मार्कहॅमशी येईतो दोनशे दहा शब्द झाले.

तिने पेन ठेवलं, कागद वाचून पाहिला. मग पेन उचललं, आणि मुंबईपासून मार्कहॅमपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"अगं! माझं आयुष्य आहे ते!"

"माझंही आहे. पण त्या गावांची त्यांची त्यांची पुस्तकं असतील, त्यात लिहायचं. तिथं कुणी मागितलं का तुम्हाला पान?"

बेन्सियनने बोटांवर मोजलं. अकरा गावं. कुणीच मागितलं नव्हतं.

"झिराड ठेव," तो म्हणाला.

"झिराड ठेवते. ते नावातच आहे."

मिसेस कोवालला मराठी कळत नव्हतं, पण तीस वर्षं लोकांची भांडणं ऐकलेली बाई ती; भांडण कुठवर आलं हे तिला बरोबर कळलं. ती म्हणाली, "एक अडचण आहे. गावातले सगळे अक्षरांच्या क्रमाने लावलेत. तुझ्या आडनावाचं पहिलं अक्षर कोणतं? चेकवर तू 'झेड' लिहितोस, आणि लायसन्सवर 'जे' आहे."

हीसुद्धा त्याची जुनी कथा. प्रत्येक देशाने आडनाव आपापल्या परीने लिहिलं, ह्यानेही कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करेपर्यंत राहिलाच कुठे!

"'जे' असलं तर?" त्याने विचारलं.

"तर मधली शंभर पानं पुन्हा लावावी लागतील. सकाळपर्यंत होणार नाही. झेड असलं तर शेवटचं पान कोरं आहे."

"आणि गेलेल्यांच्या भागात?"

"तिथं कुठेही बसेल," बाई म्हणाली. "तिथं मागे एक पुरवणी आहे, कुणाचंही नाव घालायला."

खिडकीतून ऊन टेबलावर तिरपं आलं होतं. जेमिमाने पेन टोपण न लावता तसंच धरलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहत राहिली, आणि तिची बोटं पांढरी झाली होती, हे बेन्सियनला दिसलं. इतक्या वर्षांत त्याने तिला खोकी बांधताना पाहिलं, चिडताना पाहिलं, पण घाबरलेली कधी पाहिली नव्हती. जेमिमा चेष्टा म्हणून आली नव्हती. ती सगळं पणाला लावून आली होती.

"मिसेस कोवाल," बेन्सियन म्हणाला, आणि पुढचा शब्द बाहेर काढताना त्याला घाम फुटला, "पुस्तक छापल्यावर, समजा, समजा हं, दोन-तीन वर्षांनी एखादं काम निघालं दुसरीकडे, तर?"

"तर काय? छापलेलं कोण खोडतंय? पुढचं पुस्तक पंचवीस वर्षांनी."

"तोवर मी चौऱ्याऐंशीचा!"

"मग कुठे जाणार आहेस मरायला!"

जेमिमा हसू दाबायला गेली आणि खोकली. बेन्सियनलाही हसू आलं. खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"झेड लिहा," तो म्हणाला. "मी इथं राहतो."

"राहतो की राहणार?" जेमिमाने विचारलं.

"अगं राहणार, राहणार! इंग्रजीत म्हणू का मराठीत?"

"दोन्हीत म्हणा."

त्याने दोन्हीत म्हटलं. मिसेस कोवाल उठली, कपाटाचं दार उघडलं, कानामागची पेन्सिल काढली, आणि यादीच्या तळाशी वाकून विचारलं, "एक की दोन?"

बेन्सियनने जेमिमाकडे पाहिलं.

"मला काय विचारताय?" ती म्हणाली. "मी परवापासून आहे. तुमचंच विचारतायत."

बाईने दोन नावं लिहिली. जेमिमाने कागदावरची ती रेघ ओढलेली सगळी मधली गावं सोडून, उरलेलं नव्या कागदावर उतरवलं. चार ओळी भरल्या. झिराडकर, कोकणातल्या झिराडचे, २००७ सालापासून विलोबेंडला, दोघं जण, गावचा बर्फ करतात. बाकीचं पान कोरंच राहिलं.

"फारच थोडं दिसतंय," बेन्सियन कुरकुरला. "सड्याचं तरी घाल."

"घड्याळ बघा, नऊ वाजत आले. मला दिवा लावायचाय."

"सड्याचं मी लिहितो. दे पेन. तू लाव दिवा."

तिने ओढणी डोक्यावर घेतली. तो टेबलावर वाकला, आणि बर्फावर थेंब कसे शिंपडायचे, मनगट कसं ठेवायचं, का उलट्या पावली चालायचं, हे सातवी पास अक्षरात, मराठीत, लिहायला लागला. इंग्रजीत कोण करणार, ह्याचा त्याने विचारच केला नाही. मिसेस कोवाल खांद्यावरून बघत होती. एक अक्षर कळेना, पण कागद भरत होता, म्हणून तिने किटली चढवली. छापखान्यात ते तसंच्या तसं फोटो काढून छापलं.